हवालदारांचे गरम आरसे

हवालदारांच्या गाडीच्या पत्र्यावर थाप मारायची कुणाची छाती नव्हती. आता गाडीच्या धंद्यात थापेवाचून पान हलत नाही. मागं उभ्या क्लीनरनं पत्र्यावर एकदा हात मारला की थांब, दोनदा मारला की येऊ दे, हे काय कुणाला शिकवावं लागतं? एसटीला घंटा, तशी आमच्याकडं थाप. पण माझ्या दुकानासमोर हवालदार गाडी मागं घेत असताना कुणी हौसेनं दोनदा हात आपटला, की हा भला माणूस इंजिन बंद करून खाली उतरायचा, त्या शहाण्यासमोर ताठ उभा राहायचा आणि अगदी हळू आवाजात सांगायचा, "भाऊ, तोंडानं बोल. न्हाईतर गप ऱ्हा." शिवी नाही, आरडाओरडा नाही. तरी समोरचा पांढराफटक पडायचा.

माझं साताऱ्यात गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. हवालदार रहिमतपूरचे. सगळी नोकरी फौजेत गाडी चालवण्यात गेली आणि पेन्शनीत आल्यावर त्यांनी एक जुनी पिकअप घेतली. पिकअपच्या मागं दोन चाकांचा गाडा जोडला आणि गाड्यावर डिझेल इंजिन व पिठाची गिरणी बसवली. लोकांनी वेड्यात काढलं. पण मेढ्याच्या वरच्या डोंगरातल्या वाड्यांवर पावसाळ्यात लाईट एकदा गेली की माहेरी गेलेल्या रुसक्या बाईसारखी, केव्हा येईल ते देवाला ठाऊक. बायका भिजत, धान्याची पाटी डोक्यावर घेऊन घाट उतरायच्या, नाहीतर जात्यावर बसून खांदे मोडून घ्यायच्या. हवालदार म्हणायचे, "त्या चालत उतरत्यात, मिस्त्री. माझ्याकडं चाकं हायती. मीच चढतो की."

चढले खरे, पण पहिल्या पावसाळ्यात एका वाडीत वेगळाच घाट लागला. हवालदार बौद्ध. केबिनमध्ये बाबासाहेबांची तसबीर, खाली ताजं फूल. वाडीतल्या बायका पाट्या घेऊन आल्या, गिरणीभोवती उभ्या राहिल्या, आणि पाटी काही कुणी खाली ठेवेना. कारण कुणी बोललं नाही. सगळ्यांनाच ठाऊक होतं. हवालदार इस्त्रीच्या शर्टात, इंजिन चालू ठेवून उभे. एवढ्यात सगुणाआजी नावाची एक म्हातारी गर्दीतून पुढं आली, नाचणीची पाटी त्यांच्या हातात कोंबली आणि म्हणाली, "इंजान काय आवाज ऐकायला लावलंय व्हय रं? दळ की! घरात सून खोळंबलीया." आजीची पाटी दळून झाली, मग दुसरी आली, मग रांगच लागली. ही गोष्ट हवालदारांनी मला इतक्यांदा सांगितली की मी ती झोपेतही म्हणून दाखवीन. दर वेळी शेवटी म्हणायचे, "त्या म्हातारीनं माझी गिरणी चालू केली बघा. मी नुसतं इंजान चालू केलतं."

आणि नशिबाचा खेळ असा, की त्याच आजीचा पाय हवालदारांच्या गाड्याखाली मोडला.

जून संपत आला होता. वाडीत शाळेच्या भिंतीशी गाडा मागं लावायचा, ही रोजची रीत. धुकं असं की पुढचा माणूस आवाजावरून ओळखावा. आरशांवर पाणी धरलेलं, त्यातून पाहिलं तर नुसता पांढरा भोपळा. क्लीनर चाकाला लावायला दगड आणायला गेला होता, म्हणून हवालदार इंच इंच मागं येत थापेची वाट पाहत होते; तेव्हा त्यांच्याकडंही थापच चालायची. आजी भिंतीच्या वळचणीला, डाव्या कोपऱ्यात, पाटी घेऊन पावसातून अंग चोरून उभी होती. गाडा अंगावर आला तशी तिनं जिवाच्या आकांतानं दोन्ही हात पत्र्यावर आपटले. आधी एक, मग दुसरा. हवालदारांच्या कानाला दोन थापा ऐकू आल्या. दोन म्हणजे येऊ दे. त्यांनी गाडी आणखी मागं घेतली.

आजीला मांडीवर निजवून त्यांनीच साताऱ्याला आणलं. गाडी क्लीनरनं चालवली. पायात सळई पडली. वाडीत चारदोन तोंडं बोललीच, "आमी तवाच म्हणत हुतो, नगं त्याची गिरणी." पण आजी खाटेवरून कडाडली, "पाय माझा मोडलाय, तुमी का कण्हताय? त्याला म्हणावं, लवकर ये. जात्यावर बसायला आता मला पाय बी न्हाई." निरोप मिळाला. हवालदार काही गेले नाहीत. दवाखान्यात फळं घेऊन जायचे, दारातूनच परत यायचे. आणि एक दिवस माझ्या दुकानात येऊन बसले.

"मिस्त्री, मला मागचं दिसल्याबिगर मी वर जात न्हाई."

"मग फडक्यानं पुसा की आरसा."

"पुसून केबिनमधी चढंपर्यंत पुन्ना धरतंय. आरसाच गरम पायजे. गरम काचंवर पाणी बसत न्हाई."

मी हसलो. म्हटलं, "हवालदार, आरसा हवाय का इस्त्री?" ते हसले नाहीत. म्हणाले, लेहला असताना एका साहेबाच्या परदेशी गाडीचा आरसा पहाटे पुसायला गेले, तर सगळ्या गाड्यांवर बर्फ आणि त्या एकाच काचेला ऊब. "हात लावून बघितलाय मी. खोटं न्हाई. त्यांनी केलं म्हंजी ते हुतंय. आपल्याला करायचंय." फौजेतला माणूस 'करायचंय' म्हणतो तेव्हा समोरच्यानं फक्त कधी ते विचारायचं असतं.

आधी आरसे. पिकअपचे स्वतःचे आरसे तळहाताएवढे, आणि गाडा पिकअपपेक्षा रुंद. त्यांत गाड्याची कडाच दिसायची, पलीकडचं काही नाही. म्हणून आम्ही सांगलीच्या भंगार बाजारात गेलो. तिथं हवालदारांनी माझा जीव खाल्ला. प्रत्येक मोडक्या ट्रकच्या केबिनमध्ये चढायचे, तुटक्या स्टेअरिंगमागं ताठ बसायचे आणि मला मागं उभं करून ओरडायचे, "डावीकडं सरका! बसा! आता उटा!" भर उन्हात, सगळ्या बाजारासमोर मी कोंबडा झाल्यासारखा उठतोय बसतोय. भंगारवाला विचारतो, "पाव्हणं, ह्येंचं डोस्कं बरं हाय न्हवं?" शेवटी फुगीर काचेचे नवे आरसे सोडून त्यांनी दोन जुने, सपाट, लांबोळे आरसे उचलले. मी म्हटलं, फुगीर काचेत जास्त दिसतं. तर म्हणाले, "जास्त दिसतंय, पर माणूस लांब दिसतो. जवळ हाय तर मला जवळच दिसला पायजे."

मग सुरू झालं आमचं काचफोड प्रकरण. इस्त्रीच्या कॉइलची तार घेतली, अभ्रकाच्या पत्र्यावर नागमोडी बसवली, आरशामागं लावली, बॅटरीला जोडली. पाणी शिंपडलं. काच 'टाण्णकन्' उभी चिरली. मी कपाळाला हात लावला. हवालदार म्हणाले, "दुसरा." दुसऱ्या काचेची मागची चांदीच करपली, तोंड पाहायला जावं तर आरपार गॅरेज दिसे. "दुसरा." पुढची काच बरी टिकली, तर सकाळी बॅटरी मेलेली. दुकानातली पोरं टिंगल करायला लागली. मीही एकदा चिडून बोललो, "हवालदार, सातारकरांच्या न्हाणीघरातले आरसे संपतील आता. हात जोडतो, सोडा नाद." त्यांनी फुटक्या काचा गोळा करून कागदात बांधल्या, कुणाच्या पायात जाऊ नयेत म्हणून, आणि शांतपणे विचारलं, "मिस्त्री, म्हातारी तिथं जात्यावर बसलीया का, हे तुमाला कळलंय का?" मला कुठून कळणार? "मला कळलंय," ते म्हणाले. "बसलीया. एक पाय लांब करून." मी काच कापणाऱ्याकडं निरोप धाडला, अजून दोन.

तोडगा निघाला तो वहिनींच्या स्वयंपाकघरात. रहिमतपूरला हवालदारांच्या घरी जेवत होतो. मी रडगाणं गात होतो, की तार एकाच रेघेत तापते आणि काच तडकते, ऊब सगळीकडं सारखी पसरली पाहिजे. वहिनी म्हणाल्या, "मग मधी तवा ठेवा की. जाळावर भाकरी कोण टाकतंय?" हवालदारांनी घास तसाच ठेवला. उठले, फळीवरचं जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, मोठं ताट काढलं आणि कात्री शोधायला लागले. वहिनी ओरडल्या, "आवं, माझं ताट! आता आरशाला जेवायला वाढता काय?" ताट गेलं. त्याचे दोन पत्रे झाले, एकेका आरशामागं एक. तार काचेपासून दूर, मध्ये पत्रा. करंट कमी केला आणि इंजिन चालू असतानाच चालेल असं बटण दिलं. किती गरम ठेवायचं ते मात्र वहिनींनी ठरवलं. उलटा हात काचेला लावला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "पोराला कणकण आल्यावानी लागतंय. एवढंच. फणफणू देऊ नगा." तव्याच्या पहिल्याच खेपेला काच टिकली. आम्ही तिघं अंगणात उभे, वहिनी तांब्यातून पाणी मारतायत आणि ते पाहता पाहता उडून जातंय. हवालदार पोरासारखे म्हणत होते, "अजून मारा! अजून मारा!"

आरसे लांब नळ्यांवर बसवले तेव्हा पिकअप शिंगं फुटल्यासारखी दिसायला लागली. पहिल्याच दिवशी पोवई नाक्यावर डाव्या शिंगानं एका भाजीवाल्या मावशींची छत्री उचलून नेली. हवालदारांनी खाली उतरून त्यांना कडक सलाम ठोकला, छत्री परत उभी केली आणि माघारी येऊन म्हणाले, "मिस्त्री, बिजागरी." लावली बिजागरी. धक्का लागला की आरसा मिटायचा आणि स्प्रिंगनं परत जागेवर.

श्रावणात आम्ही वर गेलो. मला मुद्दाम शेजारी बसवलं होतं, वायर निघालीच तर हाताशी असावा म्हणून. घाटात धुक्यानं गाठलं. हवालदारांनी बटण दाबलं. आधी काचेच्या मधोमध डोळ्याएवढी जागा मोकळी झाली, मग ती पसरत कडेपर्यंत गेली. मागचा गाडा, त्याचं चाक, चाकाखालचा ओला रस्ता, सगळं लख्ख. मी आनंदानं ओरडलो. हवालदार एकदा आरसा, एकदा रस्ता पाहत गाडी चढवत राहिले.

वाडीत शाळेची भिंत आली. बायका पाट्या घेऊन लांब, पार समोरच्या पडवीत उभ्या. भिंतीकडं कुणी फिरकेना. भीती बसली होती, त्यात त्यांचं काय चुकलं? हवालदार गाडी मागं घ्यायला वळले, आणि पडवीतून सगुणाआजी काठी टेकत निघाली. सून मागून हाका मारतेय, आजी ऐकते कसली! चालत चालत ती थेट भिंतीच्या त्याच डाव्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली आणि तिथून ओरडली, "ये रं! घे मागं!"

"आजी, बाजूला व्हा!" मी खिडकीतून ओरडलो.

"तू गप. त्याला येऊ दे."

हवालदारांनी ब्रेक दाबला. मी म्हटलं, उतरून तिला बाजूला करतो. त्यांनी माझा दंड धरला. "नगं. ती भरवसा घेऊन हुबी हाय. मी उतरलो तर ह्या बाया पुन्ना कवा बी इथं यायच्या न्हाईत." मग त्यांनी आरशात पाहिलं आणि गाडी मागं सोडली. मधे गाडा आल्यानं माझ्या खिडकीतून आजी दिसत नव्हती, मी नुसता त्यांच्या तोंडाकडं पाहत होतो. पापणी हलली नाही. गाडी थांबली. ते अगदी हळू बोलले, "दिसती, मिस्त्री. हिरवं लुगडं. काठी डाव्या हातात. आजी दिसती मला." आणि स्टेअरिंगवर डोकं टेकून तो फौजेतला गडी हमसून हमसून रडला.

आजी काठी टेकत खिडकीशी आली. "का थांबलास रं? अजून लय जागा हाय की!"

"असू दे आजी," डोळे पुसत ते म्हणाले. "तेवढी जागा तुमची."

त्यानंतर त्या भिंतीशी पाट्यांची रांग कधी तुटली नाही. काही वर्षांनी वरच्या गावांत लाईट टिकायला लागली, एकानं वाडीतच गिरणी टाकली. हवालदारांना त्याचं वाईट वाटलं नाही. त्या गिरणीला नारळ फोडायला त्यांनाच बोलावलं होतं. मग गाडा सोडून ते नुसत्या पिकअपनं भाड्यानं माल नेऊ लागले. आरसे मात्र काढले नाहीत. आणि एका पावसाळ्यात, सकाळी चहा पिता पिता, माझा हा हट्टी दोस्त गेला. छातीत कळ आली आणि संपलं. मला आजही ते खरं वाटत नाही.

मेढ्याला निरोप मीच फोनवर दिला. दुपारी मेढ्याकडून एक जीप आली, आणि तीतून सगुणाआजी उतरली. पार वाकलेली. तिच्याकडं बायका मसणात जात नाहीत. रहिमतपूरला पांढऱ्या साड्या नेसून बायका निघाल्या, तशी तीही निघाली. हवालदारांना त्यांच्याच पिकअपमध्ये ठेवलं होतं. गाडी थोरला मुलगा चालवत होता, आणि आम्ही सगळे वंदना म्हणत मागून चाललो होतो. पाऊस भुरभुरत होता.

अर्ध्या वाटेत गाडी अचानक थांबली. लोक एकमेकांकडं पाहायला लागले. मला वाटलं, गाडी बंद पडली. मी पुढं धावलो. मुलगा रडून लाल झालेल्या डोळ्यांनी डावीकडच्या आरशात पाहत होता. म्हणाला, "काका, बंद न्हाई पडली. आजी मागं राहिल्यात."

मी वळून पाहिलं. सगळ्या माणसांच्या पार मागं, रस्त्याच्या कडेनं, एक पाय ओढत म्हातारी येत होती. मग आम्ही सगळे आजी येईपर्यंत थांबलो.