बंदुकीला ओवाळ म्हणाले

"ओवाळ," वकीलसाहेब म्हणाले. "ज्याच्या हातातलं हत्यार, त्याच्या बायकोनं ओवाळायचं. आमच्या घरची रीत आहे ही."

दसऱ्याची सकाळ होती. कर्जतला वकीलसाहेबांच्या घराची पुढची पडवी. पाटावर बंदूक ठेवलेली, नळीला झेंडूची माळ. खाली अंगणात त्यांची मोटार, तिलाही झेंडूचीच माळ. आणि मोटारीला टेकून माझा नवरा. नवा फेटा. हसत होता.

माझ्या हातात तबक. ते वहिनीसाहेबांनी दिलं होतं, पण देवाचं नव्हे. मोटारीच्या पूजेला वेगळं जुनं तबक होतं, ते. त्या घरात माझा कपही वेगळा होता. कान तुटलेला, मागच्या पडवीत वळचणीला पालथा घातलेला. देवघराचा उंबरा मला बंद. बंदुकीला कुंकू लावायला मात्र माझा हात चालत होता.

त्या बंदुकीची नळी उन्हाळ्यात माझ्या छातीला टेकली होती. पडवीतल्या सगळ्यांना ते ठाऊक होतं. आणि बंदूक पोलीस ठाण्यात जमा केलीय, असं मला ज्यांनी सांगितलं तेच समोर उभे राहून म्हणत होते, ओवाळ.

मी मूळची इथली नव्हे. माझं माहेर घाटावर, माण तालुक्यात. तिसरीत असताना आई गेली आणि माझी शाळा सुटली. पुढं भाऊ खोपोलीला कामाला लागला, त्याच्या भाकऱ्या थापायला मी आले. त्याच्याच ओळखीतल्या खालापूरच्या माणसाशी त्यानं माझं लग्न लावलं आणि तो पलटणीत भरती झाला. लढाई चालू होती. तो गेला तो गेलाच. मग माझं म्हणावं असं इकडं कुणी राहिलं नाही. माझं बोलणं ऐकून बाया हसायच्या. पाणवठ्यावर गेले की म्हणायच्या, "आली गं घाटीण. सरका, तिला जागा द्या. दुष्काळातली हाय, आख्खी इहीर पिऊन टाकंल."

मीही हसायचे. परक्या मुलखात हसून राहावं लागतं.

नवरा वकीलसाहेबांची मोटार चालवायचा. त्यांची भातशेती खालापूरच्या बाजूला होती. पीक पोटरीला आलं की रानडुकरं उतरायची, म्हणून राखणीची बंदूक होती. बंदुकीचा परवाना वकीलसाहेबांचा. परवान्यावर नोकर म्हणून नाव माझ्या नवऱ्याचं. त्यामुळं बंदूक आमच्याच खोलीत, वकीलसाहेबांच्या परसात, खुंटीवर टांगलेली असायची. मी तिच्याखाली चूल फुंकायचे.

त्याला तेव्हा मी अहो-जाहो करायचे. आता इथं करणार नाही.

मोहाची पिऊन यायचा. मारायचा. मारणं मला नवीन नव्हतं, वस्तीत कुणालाच नव्हतं. पण उन्हाळ्यात एका भरदुपारी कालवणात मीठ जास्त झालं म्हणून त्यानं खुंटीवरची बंदूक काढली आणि माझ्या छातीला लावली. म्हणाला, "डुक्कर म्हून सांगीन. कोन इचारतोय घाटिणीला?"

भरलेली होती की नाही, मला आजही माहीत नाही. मी पातेल्यासकट मागं पडले. तो हसत मोटार पुसायला निघून गेला.

त्याच दिवशी मी वकीलसाहेबांच्या पडवीच्या पायरीवर जाऊन बसले. त्यांनी मला हाकललं नाही. हे मला सांगितलंच पाहिजे, नाहीतर माझं पुढचं वागणं कुणाला कळणार नाही. एवढा मोठा माणूस. कचेरीत ज्यांच्यासाठी शिपाई उठून उभा राहतो, त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही बोलले नाहीत.

मग म्हणाले, "रडू नकोस. यावर कायदा आहे. तुझा नवरा तुझ्या जिवावर उठलाय असा अर्ज करायचा. मॅजिस्ट्रेट त्याला बोलावतात आणि शांतता राखीन असा जामीन लिहून घेतात. मुदतीत तुझ्या अंगाला हात लावला, तर जामीन जप्त. मग तुरुंग."

"माझ्यासाठी आसतंय आसं?" मी विचारलं.

"सगळ्यांसाठी असतं."

सगळ्यांसाठी. तो शब्द मी पदरात बांधून घेतला. सरकारच्या कुठल्यातरी पुस्तकात माझ्यासारखीची सोय लिहून ठेवलीय, आणि ती मला हा माणूस फुकट सांगतोय. मी त्यांच्या पायाला हात लावायला गेले. त्यांनी पाय मागं घेतले. तेही मला मोठेपणच वाटलं.

"आणि बंदूक?" मी विचारलं.

"परवाना माझा आहे. त्याचं नाव त्यातून काढून टाकतो, बंदूक ठाण्यात जमा करतो. तुझा अर्ज पावसाळा झाला की घालू. तोवर गप्प राहा. बोललीस तर तो सावध होईल."

दुसऱ्या दिवशी बंदूक गोणपाटात गुंडाळून मोटारीत गेली. मी दारातून बघितलं. मोटार ठाण्याच्या दिशेला वळली. ती तिथंच थांबली का, हे बघायला मी मागून गेले नाही. का जाईन? ज्यांनी शब्द दिला त्यांच्या मागं बघायला जायचं असतं?

पावसाळाभर मी वहिनीसाहेबांची पडवी सारवली, भात कांडलं, न सांगता गोठा काढला. कुणी सांगितलं नव्हतं. अंगावरचा उपकार फेडल्याशिवाय मला घास गिळत नव्हता. नवरा मारायचा, पण खुंटी रिकामी होती. एकदा रिकाम्या खुंटीकडं बघून तो म्हणाला, "सवत घराबाहेर गेली म्हून झोप लागतीय काय गं तुला?" मला वाटलं, बंदूक गेल्याचा राग आहे त्याला. मनातून मला बरंच वाटलं.

मग भादव्यात ते मोटारीचं झालं.

खोपोलीहून रिकामी मोटार परत आणताना, चौक गावाकडच्या रस्त्याला त्यानं एका बैलगाडीला धडक दिली. पिऊन होता. एक बैल जागीच मेला. गाडीवाला म्हातारा होता, त्याचा पाय गाडीखाली आला. खालापूरला महालकऱ्यांसमोर, म्हणजे तिथल्या मॅजिस्ट्रेटसमोरच, खटला उभा राहिला, दारू पिऊन मोटार चालवली असा. गाडीवाल्यानं सांगितलं, याच्या तोंडाला वास येत होता. नवऱ्याच्या बाजूनं उभे राहिले आमचे वकीलसाहेबच. मोटार त्यांचीच होती.

आदल्या दिवशी मला बोलावलं. पहिल्यांदा पायरीवर न बसवता पडवीत बसवलं.

"तुझी साक्ष घ्यावी लागेल. मी दोन गोष्टी विचारेन. दारू पितो का? आणि घरी त्रास देतो का? दोन्हीला नाही म्हणायचं."

मी खाली बघत राहिले.

"कळत नाही तुला," ते समजुतीनं म्हणाले. "घरातलं या खटल्यात आणलंस तर महालकरी म्हणतील, बाई नवऱ्यावर सूड उगवतेय. हा खटला बिघडेल आणि तुझा अर्जही बिघडेल. हे एकदा संपू दे. दसरा झाला की लगेच तुझा अर्ज घालतो. माझ्यावर विश्वास आहे ना?"

"व्हय," मी म्हणाले. होताच. देवावरही नव्हता तेवढा.

कचेरीत मी शपथ घेतली. त्यांनी विचारलं, मी म्हणाले, "नाही." दुसऱ्यांदा विचारलं, मी म्हणाले, "नाही." गाडीवाला समोर काठीला धरून उभा होता. त्यानं माझ्या दंडाकडं बघितलं. तिथं काळंनिळं होतं, पदराखालून दिसत होतं. मग माझ्या तोंडाकडं बघितलं. मान फिरवली.

नवरा सुटला. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "बरी शिकलीस गं घाटिणी, शुद्ध बोलाया."

आणि मग हा दसरा. हे तबक. ही बंदूक.

मी पाटावरच्या बंदुकीकडं बघत होते. तेलपाणी करून चकचकीत केलेली. दस्त्याला नवी चामडी पट्टी. ठाण्यातल्या बंदुकीला नवी पट्टी कोण लावील? मी नवऱ्याकडं बघितलं.

"कुटं हुती ही?" मी विचारलं.

त्याला गंमत वाटत होती. "माळ्यावर. शेतात. आक्खा पावसाळा माज्याच उशाला हुती. साहेबांनीच सांगितलं, घरी नको ठेवू, बायको भितीय."

मी वकीलसाहेबांकडं वळले. वाटलं, आता तरी रागावतील त्याच्यावर. खोटं बोलतो म्हणतील.

ते म्हणाले, "डुकरांनी शेत खाल्लं असतं. राखणीला हत्यार नको? तुझ्या घरातून हलवली ना? तुला काय फरक पडला? आता सणाचा दिवस आहे. ओवाळ."

"आणि माजा आर्ज?"

"कसला अर्ज?"

"जामिनाचा. दसरा झाला की घालणार हुता."

तेव्हा ते हसले. वाईट नाही हसले, मुलाला समजावताना हसतात तसं. "अगं, आता तो कसा घालणार? नवरा पीत नाही, त्रास देत नाही, असं तूच शपथेवर सांगून बसलीस. कागदावर आलंय ते. महालकरी मलाच वेड्यात काढतील."

मी तशीच उभी. सगळं हळूहळू जागेवर बसत गेलं, जातं बसवतात तसं. कायदा त्यांनी मला खराच सांगितला होता. त्यातला एक शब्दही खोटा नव्हता. म्हणूनच तर त्यांना माहीत होतं, तो कुठून बंद करायचा. आणि बंद करायला माझंच तोंड वापरलं. मोटार त्यांची वाचली. शेत त्यांचं वाचलं. ड्रायव्हर वाचला. मी पडवी सारवत होते.

वहिनीसाहेब आतून म्हणाल्या, "अगं, निरांजन विझतंय. लाव की कुंकू पटकन."

मी तबक खाली ठेवलं. पाटावर नाही, जमिनीवर.

"म्या लावणार न्हाई."

नवरा पुढं आला. "काय म्हनलीस?"

"लावणार न्हाई. ज्याची बंदूक त्याच्या बायकूनं ओवाळायचं ना? परवाना साहेबांचा हाय. वैनीसाहेबांना बोलवा."

वहिनीसाहेबांच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या. वकीलसाहेबांचा चेहरा मी पहिल्यांदाच नीट बघितला. आजवर पायांकडंच बघत आले होते.

"जीभ सांभाळ," ते म्हणाले. "जाणार कुठं आहेस?"

"खालापूरला. कचेरी उघडली की महालकऱ्यांम्होरं उभी राहणार. सांगणार, म्या नाही म्हणाले ते मला शिकवल्यालं हुतं. ह्यो पितोय. मारतोय. बंदूक छातीला लावतोय. बैलाच्या दिवशीबी पिऊनच हुता. गाडीवाला खरं बोलला."

"मूर्ख आहेस. शपथेवर खोटं बोललीस म्हणून तुलाच आत टाकतील. हाही कायदाच आहे."

हाही त्यांनी खरा सांगितला असेल. मला भीती वाटली. खोटं कशाला बोलू. सगळा जन्म भीत आलेली बाई एका सकाळीत धीट होत नाही.

"टाकू द्या," मी म्हणाले. "तितं बंदूक नसंल."

नवऱ्यानं हात उचलला. मी मागं सरकले नाही. वकीलसाहेबांनीच त्याला डोळ्यानं थांबवलं. सणाचा दिवस, रस्त्यावरून माणसं सोनं वाटत जात होती. कुणी बघितलं असतं.

मी परसात गेले. वळचणीचा कानतुटका कप घेतला आणि न्हाणीच्या दगडावर आपटला. दुसऱ्या बाईला तो मिळू नये म्हणून. मग एक लुगडं गुंडाळलं आणि पळसदरीच्या अंगानं चालू लागले. वकीलसाहेबांच्या मोटारीतून साक्षीला खालापूरला गेले होते, तोच रस्ता. तेव्हा मागच्या बाजूला खाली बसवलं होतं, सीट मळू नये म्हणून.

कचेरी सणाला बंद होती. आधी मी चौक गावात गाडीवाल्याच्या घरी गेले. त्याच्या दावणीला एकच बैल होता. त्यानं मला ओळखलं आणि तोंड फिरवलं. मी त्याच्या अंगणात उभी राहून सगळं सांगितलं. तो माझ्याशी चांगलं बोलला नाही. बस म्हणाला नाही, पाणी विचारलं नाही. त्याचं बरोबर होतं. शेवटी एवढंच म्हणाला, "तितं येऊन परत फिरशील."

"न्हाई फिरायची."

"मंग ये कचेरी उघडल्यावर. मी आसंन."

त्या माणसाचे आभार मी मानले नाहीत. आता कुणाचेच मानत नाही. ज्याचे मानले त्यानं माझ्याच तोंडानं मला बांधून घातलं. कायदा सगळ्यांसाठी असतो, हे मला वकीलसाहेबांनीच सांगितलं होतं. तो आता मी स्वतः जाऊन मागणार. तुरुंगात टाकलं तर तिथून मागणार. आणि शपथ घेऊन मला पुन्हा कुणी विचारलं, नवरा त्रास देतो का, तर मी "नाही" म्हणणार नाही. "व्हय" म्हणणार. माझ्या बोलीत. सगळ्या कचेरीला ऐकू जाईल असं.