जॅकेटवरचा डावा डोळा

गणपतीचे डोळे आखायचं काम मी लालबागच्या कारखान्यात पंचवीस वर्षं करतोय. डोळा जवभर जरी इकडचा तिकडे झाला, तरी गिऱ्हाईक मूर्ती उचलत नाही. आमचे मास्तर तर त्याआधी हात उचलायचे. त्यामुळे दोन डोळे दिसले की ते सारखे करायचे, ही माझी खोड झाली. एकदा बायकोच्या भुवयांबद्दल बोललो होतो. पुन्हा बोललो नाही.

गणपती गेले की मूर्तीवर फिरणारी स्प्रे गन मी हेल्मेटवर, बाईकच्या टाकीवर, मिळेल त्यावर फिरवतो. असंच एकदा परळच्या चाळीतली एक मुलगी चामड्याचं जॅकेट घेऊन आली. तिचे बाबा वर्षापूर्वी गेले होते. त्यांचा चेहरा तिला जॅकेटच्या पाठीवर हवा होता.

"माझ्या बाईकवर कधी बसले नाहीत, घाबरायचे," ती म्हणाली. "आता बघते कसे उतरतात."

आईला सांगितलं नव्हतं, वर्षश्राद्धाला दाखवणार होती. फोटो एकच, पासपोर्टचा.

चामडं म्हणजे शाडू नव्हे. स्पिरिटने पुसून आधी त्याची चकाकी काढायची, मग रंगाचे पातळ हात द्यायचे. चुकलं म्हणून घासायला जाल तर चामडंच सोलतं. चार दिवसांत मिशी उतरली, कपाळावरची आठी उतरली. डोळे नेहमीप्रमाणे शेवटी. फोटोत डावा डोळा जरा कानाकडे गेलेला होता. हा फोटोवाल्याचा निष्काळजीपणा, असं मी परस्पर ठरवलं आणि दोन्ही डोळे सरळ आखले. माझं मलाच कौतुक वाटलं.

मुलगी बराच वेळ बघत राहिली. "छान झालंय, पण..." म्हणाली. पण काय, ते तिला सांगता येईना. घेऊन गेली.

वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी मायलेकी कारखान्यात हजर. आईने जॅकेट माझ्यापुढे ठेवलं.

"ह्ये आमचे न्हय. ह्ये खंयचे?"

मी फोटो पुढे केला, मिशी दाखवली.

"मिशी त्येंचीच. पण ह्ये सरळ माज्याकडे बघतत. ह्येंचो डावो डोळो तिरळो. चाळीस वर्सां माका कळला नाय, माका बघतत की गॅसवरच्या दुधाक."

मुलगी मटकन स्टुलावर बसली. "एका वर्षात विसरले गं मी बाबांचा डोळा," म्हणाली आणि रडायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. विसरली ती नव्हती, विसरायला मी लावलं होतं.

डाव्या बुबुळावर पांढरा मारला, सुकू दिला, आणि जन्मात पहिल्यांदा मुद्दाम डोळा वाकडा आखायला बसलो. हात आपसूक डोळ्याच्या मधोमध यायचा. मास्तर वरून बघत असणार, या धास्तीने घाम फुटला. शेवटी बुबुळ जवभर कानाकडे सरकलं.

आईने डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, दोन पावलं मागे जाऊन पाहिलं.

"आता बरा," ती म्हणाली. "आता खंय बघतत ता कळणा नाय."

मुलीने जॅकेट अंगात घातलं आणि बाईक काढायला वळली. आई तिच्या पाठीजवळ गेली, कॉलर नीट केली आणि पाठीला हळूच म्हणाली, "दुधाकडे लक्ष ठेवा हां."

मग तिने पदर डोळ्यांना लावला.