उसवलेली लेबलं

मोताळ्याजवळ, सरकी काढणाऱ्या एका जिनिंगमध्ये मी कापूस पारखतो. पुंजका चिमटीत धरून ओढला की तंतूची लांबी बोटांनाच कळते. माझी मुलगी तिरुपूरला, कपड्यांच्या कारखान्यात, शर्टाच्या कॉलरी शिवायची. पोळा झाल्यावर तिचा फोन आला.

"बाबा, शिलाई बंद हाये. आमाले लेबलं उसवाले बसवलं."

"कायचे लेबलं?"

"अमेरिकेतल्या दुकानाचे. खोक्यात भरलेले शर्ट वापस काढले. तिकडच्या सरकारनं आपल्या मालावर कर वाढवला न, तं दुकानवाला म्हन्ते, पाठवूच नका."

एरवी तिच्या आवाजामागं मशिनींची घरघर असायची. त्या दिवशी नुसता पंखा ऐकू येत होता.

त्याच आठवड्यात जिनिंगच्या शेठनं मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर दोन पुंजके होते.

"सांगा, कोनता चांगला?"

मी दोन्ही ओढून पाहिले. एकात पाल्याचा कणही नव्हता. "हा," म्हणालो.

"हा ब्राझीलचा. बाहेरच्या कापसावरचा कर आपल्या सरकारनं काढला. सूतगिरणीवाला इचारते, असा माल बंदरावर भेटून राह्यला, तं तुमच्या कापसाच्या गाठी काऊन घेऊ?"

खोटं सांगितलं असतं तरी ब्राझीलचा कापूस काही परत गेला नसता. पण आपल्याच तोंडानं बोललो, हे मनाला लागून राहिलं.

दसऱ्याला मशिनींची पूजा झाली. दरवर्षी नारळ फुटला की लगेच कापसाचा पहिला ढीग मशिनीवर चढतो. यंदा शेठ म्हणाले, "थांबू थोडं." प्रसाद हातात घेऊन आम्ही सगळे तिथंच उभे राहिलो. घरी जा असंही कुणी म्हणेना.

दिवाळीआधी मुलगी परत आली. मलकापूर स्टेशनावर तिची बॅग घेतली, तेव्हा दिसलं, ब्लेडनं तिची बोटं चिरली होती. "ऑर्डर आली की बोलावतो" एवढंच कारखान्यानं सांगितलं होतं. तो फोन अजून आलेला नाही.

जिन उशिरा सुरू झालं, तेही निम्म्या मशिनींवर. एका संध्याकाळी मुलगी म्हणाली, "बाबा, मले तुमच्याच जिनवर लावा न. कापसातला कचरा येचाले तं बाया लागतातच."

त्याच दुपारी शेठनं कचरा वेचणाऱ्या बायांना, उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं होतं. त्यातली एक जाताना मला विचारत होती, "भाऊ, कधी बोलावसान?"

"पाहू," मी मुलीला म्हणालो. तिनं पुन्हा विचारलं नाही.