अकरा घरांचं एक मत

रामभाऊकाकांवर मी नऊ महिने रागावलेली होते. असा राग की त्यांचा फोन आला की स्क्रीन उलटी करून ठेवायची आणि धम्मदीपला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सांगायचं, "तूच बोल तुझ्या काकांशी." आता तो राग गेलाय. गेला तर बरं वाटायला हवं, पण तेही वाटत नाही, म्हणून हे सांगत बसलेय.

काका आमचे नात्याचे कुणी नाहीत. आम्ही अमेरिकेत, रेडमंडला आलो तेव्हा केया साडेतीन वर्षांची होती आणि आमच्याकडे गाडी नव्हती. तिला घेऊन मी बसमध्ये चढले, कार्ड कुठं टेकवायचं ते कळेना, मागं लोक खोळंबलेले, आणि केयाने भोकाड पसरलं. तेवढ्यात ड्रायव्हर आरशात बघून म्हणाला, "बाई, पोरीला खिडकीपाशी बसवा. कार्डाचं नंतर बघू." चक्क मराठीत! मला तिथंच रडू आलं. नागपूरला एसटी चालवलेला हा माणूस मेहुण्याच्या अर्जावर म्हातारपणी अमेरिकेत आला आणि इथं काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची, बस चालवायला लागला. रत्नाबाई, त्यांची बायको, इथं आल्यावर दोन-तीन हिवाळ्यांतच गेल्या. मूलबाळ नाही. हॉलमध्ये बाबासाहेबांचा फोटो, त्याच्या शेजारी रत्नाबाईंचा, आणि स्वयंपाकघरात भलं मोठं पातेलं, एवढाच संसार.

आता गंमत बघा. आमच्या ओळखीतली अकरा घरं. सगळे इंजिनिअर, मोठमोठ्या कंपन्यांत, टॅक्स भरून भरून कंबर मोडलेली. पण मत एकालाही नाही, कारण सगळे व्हिसावर, ग्रीन कार्डाच्या रांगेत. भारतातून आलेल्यांची ती रांग अशी की नंबर लागेपर्यंत दात पडतील. आणि बस चालवणारे काका नागरिक! अख्ख्या कोंडाळ्यात मत देऊ शकणारा हा एकटा माणूस.

दुसरा कुणी असता तर मिरवला असता. काकांना मात्र अवघडल्यासारखं व्हायचं. "टॅक्स तुम्ही भरता आणि ठरवणार मी एकटा, हे काही बरं दिसत नाही," असं म्हणून त्यांनी एक पद्धत पाडली. आमच्याकडे मतपत्रिका टपालानं घरी येते. ती आली की येणाऱ्या रविवारी काका सगळ्यांना बोलवायचे. तर्री-पोहे करायचे, त्या पातेल्यात, झणझणीत. मग एकेक उमेदवार, एकेक मुद्दा वाचून दाखवायचे आणि म्हणायचे, "हं, हात वर करा." पोरासोरांचेही हात मोजायचे. ज्याच्या बाजूनं जास्त हात, काकांचं मत त्याला. एकदा ग्रंथालयाच्या करावरून मुलांनी मोठ्यांना हरवलं होतं, तर दिवसभर काका खुशीत होते.

मतदानाच्या दिवशी काका अंघोळ करून पांढरा शर्ट, पांढरी पँट घालायचे. नागपुरात त्यांची आई मताच्या दिवशी ठेवणीतलं पांढरं लुगडं नेसायची, ते त्यांनी इथं आणलं. मग सगळ्यांची वरात ग्रंथालयासमोरच्या मतपेटीपाशी. काका पाकीट पेटीत टाकायचे आणि केया फोटो काढायची. तिसरीत असल्यापासून तो फोटो तिनेच काढायचा, दुसऱ्या कुणी मोबाइल काढला तर भांडायची. केयाला आजोबा हेच. माझे वडील तिनं फक्त फोनवर पाहिलेले.

रिटायर झाल्यावर काका पक्षाच्या कामाला लागले. आमच्या भागाचे पक्षाचे प्रतिनिधी झाले. म्हणजे काय, तर पावसात दारोदार फिरायचं आणि पक्षाच्या सभेत आपल्या भागाच्या नावानं मत द्यायचं. आमच्या मतदारसंघातून संसदेत निवडून गेलेल्या बाईंसाठी त्यांनी इतक्या दारांच्या बेल वाजवल्या की गुडघा सुजला. बाईंनी एका कार्यक्रमात काकांचा हात हातात घेऊन सांगितलं होतं, "मुलांचं बिल मी आणणार." केया शेजारीच उभी होती.

हे मुलांचं बिल म्हणजे आमच्या घरातला श्वास होता. इथला नियम असा, की मूल एकवीस वर्षांचं झालं की आईबापाच्या व्हिसावरून त्याचं नाव उतरतं. रांगेतली जागाही जाते. तिशीत आलेला माणूस नाही हो, साडेतीन वर्षांचं असताना आलेलं लेकरू! इथं शाळा, इथं मैत्रिणी, मराठी बोलताना अडखळणारं. एकविसाव्या वाढदिवसाला सरकार त्याला म्हणतं, आता तू परकी. बिल एवढंच म्हणत होतं की अशा मुलांना रांगेतून काढू नका. केयाचा एकविसावा वाढदिवस येत्या जूनमध्ये होता.

बाईंनी बिलावर सही केली खरी. पण पक्षातच दोन तट. एक तट म्हणे, हे छोटं बिल तरी पास करून घेऊ. दुसरा म्हणे, छोटं दिलं की मोठं मागायची ताकद जाते, कागद नसलेल्यांसकट सगळ्यांचा प्रश्न एकदम सोडवा नाहीतर काहीच नको. समोरचा पक्ष तर सीमेचं काय ते आधी बोला म्हणून अडूनच बसलेला. झालं, बिलाचं भिजत घोंगडं. शेवटी बाई म्हणाल्या, माझ्या मतदारसंघातल्या पक्षानं ठराव करून मुलांच्या बिलाला पाठिंबा दिला, तर मी जोर लावते. फेब्रुवारीत सभा ठरली. त्या ठरावावर मत द्यायचा हक्क पुन्हा आमच्यातल्या एकाच माणसाला. काकांना.

सभेच्या आधीच्या रविवारी काकांनी पद्धतीप्रमाणे पोहे केले आणि सगळ्यांना बोलावलं.  मला वाटत होतं, आपलीच माणसं आहेत, केयाला सगळ्यांनी अंगाखांद्यावर खेळवलंय.

गिरीश बोलायला उभा राहिला. त्याची मुलं इथंच जन्मली, इथली नागरिक. वाईट माणूस नाही तो. रांगेत पंधरा वर्षं अडकून वैतागलेला, एवढंच. "काका, छोटं बिल पास झालं की सगळे हात झटकून मोकळे होतील. मग आपल्या रांगेकडे कोण बघणार यार? मागायचं तर सगळं मागा. तुकडा टाकला की शेपूट हलवायची, हे आपल्याला शोभतं का?"

ते शेवटचं वाक्य सगळ्यांना जाऊन लागलं. आमच्या लोकांना तुकड्याची चीड लहानपणापासून असते. मला कळत होतं काय होणार ते. मी म्हटलं, "गिरीश, तुझं सगळं मिळेपर्यंत माझी पोरगी कुठं असेल ते सांग." 

"हात वर करा," काका म्हणाले.

माझा हात वर. केयाचा वर. दोन-चार मुलांचे वर. आणि दुसऱ्या बाजूला मोजताना काकांचं बोट धम्मदीपपाशी थांबलं. माझ्या नवऱ्याचा हात गिरीशच्या बाजूनं वर होता! डोक्यात अशी तिडीक गेली म्हणून सांगू. नंतर म्हणतो कसा, "प्रणिता, सगळ्यांना सोडून फक्त आपल्या पोरीचं कसं मागायचं? लाज वाटली मला." घ्या! चांगुलपणाचीही वेळ असते की नाही?

काकांनी दोनदा मोजलं. मग पाणी प्यायले आणि म्हणाले, "ठरलं तर."

तरी मला खात्री होती. सभेला मी पाहुणी म्हणून काकांसोबत गेले, कारण वाटत होतं, ऐन वेळी ते मनाचं करतील. एका चर्चच्या तळघरात सभा. एकाच पक्षाची माणसं, पण एकमेकांना असं बोलत होती की शत्रू परवडले. दुरुस्ती, दुरुस्तीला दुरुस्ती, मग दुरुस्ती मांडायचा हक्क कुणाला यावर भांडण. एका बाईंनी तर चिडून खुर्ची आपटली. मला नागपूरकडच्या बाबासाहेबांच्या जयंतीच्या दोन मिरवणुका आठवल्या, एकाच रस्त्यावरून, दोन गटांच्या. मुलांचं नाव कुणी घेतलं असेल तर शपथ.

मत घेतलं. ठरावाच्या बाजूनं हात वर झाले. काकांचा हात मांडीवर. ठरावाच्या विरोधात म्हटल्यावर तो सावकाश वर गेला. मी मागेच बसले होते, त्यांच्या स्वेटरचा उसवलेला कोपरा मला दिसत होता. ठराव अगदी थोडक्यात पडला.

गाडीत मी विचारलं, "काका, तुमचं स्वतःचं मत काय होतं?"

"माझं? केयाच्या बाजूनं."

"मग?"

"घरी ठरलं होतं ना पोरी. मला नको ते ठरलं म्हणून मी फिरवलं, तर मग हात कशाला मोजायचे?"

मी म्हटलं, "तुमच्या मोजण्याला आग लागो." आयुष्यात वडीलधाऱ्यांना असं बोलले नव्हते.  वायपर तेवढे चालू होते.

नंतर बाईंनी बिलावरून अंग काढून घेतलं. म्हणाल्या, माझ्याच भागात एकमत नाही. आता खरं सांगायचं तर तो ठराव झाला असता म्हणून कायदा झालाच असता असं नाही. दिल्लीत काय नि वॉशिंग्टनमध्ये काय, बिलं अडायला कारणं कमी नसतात. मोठं बिल तर सभागृहापर्यंत आलंसुद्धा नाही. पण माणसाला चीड काढायला जवळचंच कुणी लागतं, आणि काका जवळचे होते.

जूनमध्ये केया एकवीसची झाली. केक आणला, कुणी धड खाल्ला नाही. वकील म्हणाला, स्टुडंट व्हिसावर थोडे दिवस काढता येतील, पण शिक्षण संपलं की पुन्हा तेच. केयानेच एक दिवस सांगितलं की सीमेपलीकडे व्हँकूव्हरला अ‍ॅडमिशन घेतलीय. मी भांडले, रडले. ती म्हणाली, "आई, आय अ‍ॅम टायर्ड. मला कुठंतरी फक्त राहायचंय." इथून व्हँकूव्हर तीन तासांचा रस्ता. पण आम्हाला तिकडे जायला व्हिसा लागतो आणि तिला इकडे यायला.

तिला पोचवायला काका गेले. सीमा सहज ओलांडता येईल असा पासपोर्ट त्यांच्याचकडे. दारात गाडी उभी करून तिच्या बॅगा त्यांनीच चढवल्या, गुडघा दुखत असताना. मी त्यांच्याकडे बघितलंही नाही. मी फक्त म्हणाले, "आता पुन्हा मताचा कागद आला की त्या बाईंना द्या हं मत. आणि पोहेही करा." ऐकून केया मला ओरडली, "आई! स्टॉप इट." काका म्हणाले, "असू दे गं," आणि गाडीत बसले.

नोव्हेंबरची निवडणूक आली. काकांनी रविवारचा मेसेज टाकला. मी वाचला आणि तसाच ठेवला. वाटलं, मी नाही गेले म्हणून काय झालं, बाकीचे जातीलच.

मंगळवारी ऑफिसमधून परतताना अंधारायला लागलं होतं. ग्रंथालयासमोर मोटारींची रांग, लोक काचेतून हात काढून पाकिटं पेटीत टाकत होते. आणि पेटीच्या शेजारी पावसात पांढरा शर्ट, पांढरी पँट. अंगात जाकीटसुद्धा नाही. मी गाडी वळवली.

"काका, इथं काय करताय? भिजलात की सगळे!"

"दुपारपासून आलोय," ते म्हणाले. "रविवारी कुणीच आलं नाही गं. गिरीशचं म्हणणं, कुणालाही द्या, काय फरक पडतो. बाकीच्यांनी तेवढंही नाही कळवलं. पातेलंभर पोहे, तीन दिवस खातोय."

 मी म्हटलं, "मग तुम्ही तुमच्या मनानं टाका. मी चुकीचं बोलले होते. टाका हो काका, पेटी बंद होईल."

त्यांनी खिशातून पाकीट काढलं. सही केलेलं, चिकटवलेलं. पेटीच्या फटीपर्यंत नेलं आणि थांबले.

"आज मनानं टाकलं," ते म्हणाले, "तर त्या दिवशी का नाही मनानं केलं? पोरीसाठी नाही केलं, आणि आता कुणासाठी करू?"

  त्यांनी पाकीट परत खिशात ठेवलं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. केया. व्हिडिओवर तिचा चेहरा, मागं तिची एवढीशी खोली. "आई, काकांकडे गेली होतीस ना? त्यांनी मत टाकलं?"

मी फोन काकांसमोर धरला. त्यांनी तोंड उघडलं आणि नुसतेच हसले. म्हणून मीच म्हणाले, "टाकलं बाळा. आत्ताच टाकलं."

"येस! मग फोटो पाठव ना. या वेळी तू काढ."

काका पेटीशेजारी नेहमीच्या जागी ताठ उभे राहिले. भिजलेल्या शर्टातून खिशातलं पाकीट स्पष्ट दिसत होतं. मी काही म्हणायच्या आत त्यांनी त्यावर हात ठेवला, आणि मी फोटो काढला.