अदलियातलं मोरोक्कन जेवण

नव्वदीच्या दशकात बहारीनमध्ये मी एका कंपनीत एसीची कामं बघायचो. अकाउंट्समधले एक पुणेकर गृहस्थ माझे मित्र झाले होते. आम्ही नागपूरचे बौद्ध, ते ब्राह्मण. तिकडे असलं कुणी विचारत नाही, आडनावावरून आपोआप कळतं. दोन वर्षं आम्ही दुपारचे डबे शेजारी बसून खाल्ले, पण त्यांचा चमचा माझ्या डब्यात कधी आला नाही. माझाही त्यांच्या डब्यात गेला नव्हता, पण ते मी धरत नव्हतो.

शहरातल्या अदलिया भागात मोरोक्कन हॉटेल निघालं. तिथे सगळे एकाच थाळ्यातून जेवतात, असं कानावर आलं आणि मी त्या नवराबायकोला जेवायला बोलावलं. निमित्त बढतीचं सांगितलं. खरं म्हणजे हा माणूस माझ्याबरोबर एका ताटात हात घालतो की नाही, ते मला एकदाचं बघायचं होतं. बायकोला यातलं काही सांगितलं नाही. ते रिफाहून गाडी घेऊन सनदला आमच्याकडे आले आणि आम्ही चौघं निघालो.

जेवण अगदीच बेताचं होतं. मातीचं उंच झाकण उचलल्यावर वाफ आली, तेवढीच काय ती शोभा. चिकनमध्ये मनुका आणि दालचिनी, तिखटाचा पत्ता नाही. सोबतचा कुसकुस म्हणजे फोडणी द्यायची राहून गेलेला उपमा. वेटर मल्याळी होता. थाळा मधोमध ठेवत तो म्हणाला, "सब लोग इसी में से खाते हैं."

माझी नजर मित्राच्या हातावर होती. इतक्यात माझी बायको मान खाली घालून वेटरला म्हणाली, "भैया, हम दोनों को अलग प्लेट देना." तिचं वाक्य संपेपर्यंत मित्रानं "यल्ला, चला!" म्हणत थाळ्यात हात घातलाही होता.

त्यांचा हात तिथेच थांबला. "का हो वहिनी, आमचं उष्टं चालत नाही वाटतं?" ते हसत म्हणाले. त्यांची बायको मात्र हसली नाही. तिनं पुढे केलेला हात मागे घेतला आणि रुमालाला पुसला. पुढे आम्ही सुट्ट्या, विमानाची तिकिटं असल्या विषयांवर बोललो. शेवटी पुदिन्याचा चहा आला, तोही नुसता पाक. परतताना गाडीत मला बायकोची भयंकर लाज वाटत होती.

घरात शिरल्या शिरल्या मी तिच्यावर चिडलो. "काय गरज होती? काय वाटलं असेल त्यांना?"

तिनं शांतपणे चपला काढल्या.

"तिथं बसल्यापासून त्यांच्या हाताकडं पाहून राहिले होते तुम्ही. मला समजत नाही का? शाळेतल्या मैत्रिणीच्या घरी माझा कप वेगळा असायचा, 'तुझा तो' म्हणून सांगायचे. ते तोंडावर ऐकणं कसं लागते, मला माहीत आहे. तुम्हाला ते सहन झालं नसतं. म्हणून त्यांनी वेगळ्या प्लेटा मागायच्या आधी मीच मागून घेतल्या."