प्रभुणेकाकांची अंबाडी

प्रभुणेकाका रोज सकाळी कामाला जाण्याआधी मागच्या अंगणात उकिडवे बसून गांजाच्या खोडांची जाडी मोजत. तीही कंपनीत यंत्राचे सुटे भाग मोजतात तसल्या व्हर्नियर कॅलिपरने. नेदरलँड्समधल्या बेस्ट या गावात आमच्या दोघांच्या घरांमध्ये कमरेएवढं कुंपण होतं. मी पहिल्यांदा डोकावले तेव्हा त्यांनी मान वर न करता विचारलं, "केरळात, इडुक्कीत कोणी ओळखीचं आहे का गं?"

काकांनी आयुष्यात विडी ओढली नव्हती. चहासुद्धा अर्धा कप. पूर्ण कपाने त्यांच्या छातीत धडधडे. पण एकेका डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या वाढलेली गांजाची मूळ वाणं आणायची आणि त्यांचा संकर करायचा, हा त्यांचा ध्यास होता. हिमालयातला नर, केरळातली मादी. "ओढायचंय कुणाला? दोन डोंगर एकमेकांशी काय बोलतात ते ऐकायचंय," ते म्हणत. बायको गेल्यावर चार वर्षं त्यांनी एवढंच ऐकलं.

इथे पाच झाडांपर्यंत पोलीस डोळेझाक करतात. त्या वर्षी काकांनी मेलं म्हणून सोडून दिलेलं एक बी उशिरा उगवलं आणि झाडं सहा झाली. काका कुंडी घेऊन माझ्या दारात. "तुझ्याकडे एकही नाही. म्हणजे तुझी पाचांची जागा रिकामीच आहे."

माझा व्हिसा नोकरीवर टांगलेला. तरी त्यांचा चेहरा बघून मी कुंडी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली.

ऑगस्टभर पाऊस लागला. काकांच्या पाचही झाडांना बुरशी धरली आणि ती गेली. आता माझ्या खिडकीतलं ढोपराएवढं रोप हे त्या संकराचं एकुलतं एक अपत्य होतं. नेमकी तेव्हाच पुण्याहून आई आली आणि पिशव्या खाली ठेवायच्या आत तिने विचारलं, "हे काय लावलंयस?"

पानं तशीच पंजासारखी होती. मी घाबरून तोंडाला येईल ते बोलले. "अंबाडी. शेजारच्या काकांनी दिली."

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आले तर घरभर लसणाच्या फोडणीचा वास. ओट्यावर ज्वारीच्या भाकऱ्या. खिडकीत नुसती माती. आणि टेबलाशी प्रभुणेकाका. आईने कुंपणावरून हाक मारून त्यांना जेवायला बोलावलं होतं. हातात कॅलिपर होता. जेवणाआधी झाडाचं मापही घेता येईल म्हणून तो आणला होता.

"मुळं आहेत का, वहिनी?" त्यांनी हळूच विचारलं.

"छे हो, मुळासकट उपटली. जून झाली की चरबट लागते." आईने त्यांच्या ताटात भाजी वाढली. "पण इथली अंबाडी आंबट नाही. हवाच नाही ना तशी!"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं. त्यांनी घास घेतला, डोळे मिटून बराच वेळ चावला आणि म्हणाले, "उत्तम झालीय. अजून थोडी वाढता?"

पहिल्यांदाच त्यांनी आपलं वाण चाखलं होतं. जेवण झाल्यावर त्यांनी स्वतःची नाडी मोजली, मग माझी. काहीही झालं नाही. आई मात्र खुर्चीतच झोपली. प्रवासाने की भाजीने, हे शेवटपर्यंत ठरलं नाही. काकांनी वहीत लिहिलं: "तुरट. लसूण जास्त. वहिनी समाधानी."

दारात मी रडकुंडीला येऊन म्हटलं, "काका, मीच खोटं बोलले हो."

"माझं झाड लपवताना बोललीस. त्यात तुझं काय चुकलं?" ते चष्मा पुसत राहिले. "आईला मात्र सांगू नकोस. परमुलखात एवढ्या हौसेने रांधलं त्यांनी. विष घातल्यासारखं वाटेल."

मी शब्द दिला.

पुढच्या मार्चमध्ये काका कामावरच कोसळून गेले. फोनवर आई हळहळली, "किती मायेने जेवले गं! त्यांच्या घरी कुणी करणारं नव्हतं का?"

"नव्हतं," मी म्हटलं.