अध्यक्षाची खुर्ची, यजमानाचा पाट

मी अमेरिकेत ट्रॉयला आलो तेव्हा इथे गणपतीची पूजा सांगायला कोणी मिळत नसे. गावाकडच्या गुरुजींकडून फोनवर मंत्र ऐकून मी ते पाठ केले आणि इथल्या मराठी मंडळाची पूजा सांगू लागलो. हॉलवाल्याशी, जेवणवाल्याशी घासाघीसही मीच करायचो, म्हणून अध्यक्षही मीच. आणि त्याच मंडळाचा खजिनदार मला मागून ‘दुकानदार भटजी’ म्हणतो. माझं किराणा दुकान आहे, ते मी शून्यातून उभं केलंय. ते शब्द मी विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही.

आमच्याकडे पूजेचा यजमान चिठ्ठीनं ठरतो. सगळ्या घरांची नावं स्टीलच्या डब्यात टाकतात आणि सर्वांत लहान मूल एक उचलतं. गेल्या वर्षी चिठ्ठी एका काकूंची निघाली. नवरा गेल्यावर त्या मुलाकडे राहायला आलेल्या. त्यांनी हौसेनं पुण्याहून साडी मागवली. तेवढ्यात एक बिल्डर म्हणाला, हॉलचा खर्च मी करतो, पण पाटावर मी बसणार.

खजिनदार दुकानात आला.

“काका, काकूंना सांगा ना, पुढच्या वर्षी बसा म्हणावं. त्यांना काय फरक पडतो, यार?”

“तूच सांग.”

“अध्यक्ष तुम्ही आहात.”

“आणि पूजा कोण सांगतं?”

“तोच तर प्रॉब्लेम आहे. अध्यक्ष म्हणून हॉल हवा आणि भटजी म्हणून सोवळं! एक काहीतरी सोडा.”

मी नारळाचं खोकं असं आपटलं की तो दाराकडे सरकला.

माझी मुलगी स्टेट कॉलेज गावच्या विद्यापीठातून सुट्टीला आली होती. ती मध्ययुगातल्या बिशपांवर संशोधन करते. जेवताना माझा संताप ऐकून ती हसायलाच लागली.

“बाबा, तुम्ही बिशपच आहात! त्यांच्याकडे चर्चही होतं आणि राजानं दिलेल्या जमिनी, सैनिकही. राजा म्हणायचा, जमीन माझी, मग बिशपपदाची खूण असलेली अंगठी आणि धर्मदंडही मीच देणार. पोप म्हणायचा, तो धर्माचा मान आहे, तू हात लावायचा नाहीस.”

“जिंकलं कोण?”

“कोणीच नाही. खूप वर्षं भांडले, मग डील केलं. जमीन राजानं द्यायची, अंगठी आणि दंड चर्चनं.”

“म्हणजे काहीतरी देऊन अंगठी सोडवून घेतली.”

“बाबा, ते इतकं सिंपल नाहीये!”

मला तेवढं पुरे होतं.

मीटिंगमध्ये मी जाहीर केलं की अध्यक्षपद सोडतो. खजिनदाराचा चेहरा खुलला.

“थांब. फुकट नाही. मंडळाच्या नियमांत आधी लिहा, देणगी कोणाचीही असो, यजमान चिठ्ठीनंच ठरेल. मत घ्या, मग राजीनामा.”

पहिला हात त्याचाच वर गेला. खुर्ची हवी होती ना!

बिल्डर गेला, त्याच्याबरोबर हॉलही गेला. गणपती एका शाळेच्या कॅफेटेरियात बसला. नव्या साडीत काकू पाटावर बसल्या. “एकट्या बाईला बसवलं?” असं मागून कोणीतरी कुजबुजलं. मी मंत्राचा आवाज चढवला. काकूंनी पळीतून पाणी सोडलं, एक थेंबही बाहेर सांडला नाही.

खजिनदार आता अध्यक्ष आहे. परवा नारळांवर डिस्काउंट मागायला आला होता. दिला नाही. तो बिल्डर पुन्हा त्याच्याकडे येऊ लागलाय, असं ऐकतो. खुशाल येऊ दे. चिठ्ठ्यांचा डबा माझ्या काउंटरमागे आहे.